रात्रीचा घाट, दोन दिवे

सातपुड्यातलं तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे. शहाद्याकडून वर चढताना सातपायरी घाटाची वळणं लागतात. रात्री इथं सायकलच्या हँडलवरचा एकच दिवा पुरत नाही, कारण त्याचा उजेड चाकाच्या दिशेनंच पडतो. नागमोडी वळणावर पुढचा रस्ता काळोखातच राहतो. दुसरा दिवा हेल्मेटवर लावला, की मान वळेल तिकडे उजेड.

उतार जास्त फसवा. ताशी ३० किलोमीटर वेगानं सेकंदाला आठ मीटरहून अधिक अंतर कापलं जातं. खडी दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी बारा मीटर संपलेले! समोरून जीपचा झोत आला तर थांबणंच शहाणपणाचं. डोळ्यांना पुन्हा अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात.

‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही रात्रीही चालणारी, सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत २०१७मध्ये एकट्यानं पूर्ण करणारे पहिले भारतीय लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ. पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ. पण तिथं रात्री मदतीची गाडी दिवे लावून मागोमाग असतेच. घाटातल्या एकट्याला ती चैन कुठली?

बिबट्याची भीती पोकळ नाही. जवळच्या तळोदा-अक्कलकुवा भागात तो उसातही वावरतो. दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये, आवाज करत सावकाश मागं सरावं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८. मात्र डोंगरात रेंजचा भरवसा नाही, तेव्हा परतायची वेळ पायथ्याशी कुणाला तरी सांगून ठेवावी.