कागदावरचं मौन आणि पिशवीचं दुखणं

मागच्या वेळी आपण अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. जमिनीवर घट नाही, हे मला कशानं कळतं? भाट्ट मीमांसक म्हणतात, तो दिसत नाही यावरून. पण त्यांची एक अट आहे. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात दिसला नाही म्हणून 'नाही' म्हणता येत नाही. आज याचं उदाहरण मी दवाखान्याच्या फायलीतून आणलंय.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात मेडिकल कोडिंग करतो. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावायचा, हे काम. त्या कोडवर तिकडे विम्याचे पैसे मिळतात आणि रोगांची आकडेवारीही बनते. तत्त्वज्ञानात एम.ए. करून हे काय रे, असं मी त्याला विचारलं होतं. "सर, दिवसभर प्रमाणशास्त्रच करतो," म्हणाला. मला तेव्हा ती थट्टा वाटली.

त्यानं मला समजावलेला आजार म्हणजे इंटरस्टिशियल सिस्टायटिस. लघवीच्या पिशवीच्या भिंतीचं जुनाट दुखणं. पिशवी भरत आली की ओटीपोटात दुखतं, लघवी केली की जरा बरं वाटतं, रात्रीतून अनेकदा उठावं लागतं. आणि लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. बायकांमध्ये जास्त. (माझ्या वयाच्या पुरुषांनी रात्री उठण्याचं खापर यावर फोडू नये, आपली कारणं बहुधा वेगळी असतात.) १९१५ साली बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी पिशवीच्या भिंतीवरच्या व्रणांचं वर्णन केलं, अशा चट्ट्यांना आजही त्यांचंच नाव आहे. अडचण अशी की बहुतेक रुग्णांमध्ये हे चट्टे दिसतच नाहीत. दुर्बीण घालून बघितलं तरी.

मग आजार आहे हे कशावरून म्हणायचं? १९८७ मध्ये अमेरिकेत संशोधनासाठी निकष ठरले. त्यात दुर्बिणीतून काहीतरी दिसणं आवश्यक धरलं होतं. ते निकष संशोधनापुरते होते, पण हळूहळू दवाखान्यातही वापरले जाऊ लागले. १९९९ साली तपासून पाहिलं, तेव्हा अनुभवी डॉक्टरांना ज्यांच्यात हा आजार नक्की किंवा बहुधा आहे असं वाटत होतं, त्यांतले ६० टक्क्यांहून जास्त रुग्ण त्या निकषांतून गळत होते. म्हणजे दुखतंय, पण कागदावर आजार नाही. आता तिथले युरॉलॉजिस्ट सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली लक्षणं आणि दुसरं कारण नसणं यावर भर देतात. प्रत्यक्षापेक्षा रुग्णाच्या शब्दाला मान मिळाला, असं मी म्हणेन. उशिरा का होईना.

आता कोडकडे येऊ. अमेरिकेत वापरात असलेल्या आयसीडी-१० मध्ये या आजाराला दोन कोड आहेत. एन ३०.१० म्हणजे लघवीत रक्त नसलेला, एन ३०.११ म्हणजे रक्त असलेला. डॉक्टरांनी नुसतं आजाराचं नाव लिहिलं, रक्ताबद्दल चकार शब्द नाही, तर? सूची कोडरला सरळ एन ३०.१० कडे नेते. आलं लक्षात? रक्त नाही, असं कुणीच म्हटलेलं नाही. कदाचित कुणी विचारलंही नसेल. पण कागदावरचं मौन 'नाही' होऊन बाहेर पडलं. अंधारातला घट तो हाच.

आणि लघवीत रक्त ही किरकोळ बाब नव्हे. पिशवीच्या कॅन्सरची शंका घेऊन ती तपासावी लागते. बरं, त्याच फायलीत लॅबचा रिपोर्ट असेल, त्यात तांबड्या पेशी असतील, तरी कोडरनं आपल्या अकलेनं ११ लावायचा नाही. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनी लिहायचा. मला हा नियम आधी बावळट वाटला. विचार केल्यावर पटला: अनुमानाचा अधिकार ज्यानं रुग्ण पाहिला त्याला.

दुसरा नियम मात्र मला अजून पचलेला नाही. ओपीडीच्या कागदावर 'शक्यता आहे' असं लिहिलं असेल तर आजाराचा कोड लागत नाही, फक्त लक्षणांचे लागतात: वारंवार लघवी, घाई, पिशवीचं जुनाट दुखणं. शेवटच्याला आर ३९.८२ हा स्वतंत्र कोड २०१६ च्या ऑक्टोबरपासून आहे. इथवर ठीक. पण तोच रुग्ण दाखल झाला आणि डिस्चार्जच्या कागदावर 'शक्यता' राहिली, तर आजार असल्यासारखाच कोड लावायचा! ज्ञान तेवढंच, फक्त खाट मिळाली. तपासण्यांवर झालेला खर्च मोजायचा असतो म्हणून असं करतात, हे मला कळतं. पण मग तो कोड आजाराविषयी बोलतोय की बिलाविषयी?

अडलं की कोडर डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवू शकतो. त्या प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. वकिलानं आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालायचे नसतात, तसं. 'रक्त आहे असं लिहाल का?' हे चालत नाही. 'अमुक तारखेच्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशी आहेत, त्यांचं वैद्यकीय महत्त्व काय ते कृपया नोंदवावं', हे चालतं.

माझ्या विद्यार्थ्यानं एकदा असाच प्रश्न पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: रक्त आहे, रुग्णाला आधी विचारलं नव्हतं, दुर्बिणीची तपासणी ठरवली आहे. त्यानं १० खोडून ११ लावला आणि पुढची फाइल उघडली.

पुढच्या वेळी आप्तवाक्य घेऊ. नमस्कार.