कोल्हापुरी चामडे : भाग ४ – कातडे मऊ कसे होते

जनावराच्या अंगावरून काढलेले कातडे ओले असते तोवर लवचीक असते. तेच नुसते वाळवले की लाकडासारखे कडक होते आणि पुन्हा भिजले की कुजू लागते. कातड्यात कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते. पाणी उडून गेल्यावर हे तंतू एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून कातडे ताठरते. कातडे कमावणे म्हणजे हे तंतू कायमचे एकमेकांपासून सुटे ठेवणे. मऊपणाची सारी कारागिरी या एका कामाभोवती फिरते.

पहिली पायरी चुन्याची. मिठात टिकवलेले कातडे धुऊन चुन्याच्या पाण्याच्या हौदात काही दिवस ठेवतात. चुन्याने केसांची मुळे सैल होतात, तंतू फुगतात आणि त्यांचे जुडगे उकलतात. मग केस काढायचे, आतल्या बाजूचे मांस आणि चरबी खरवडायची. आत चुना राहिला तर पुढे चामडे ठिसूळ होते, त्याला भेगा पडतात. त्यामुळे धुण्याच्या कामात घाई चालत नाही.

यानंतर बाभळीची साल आणि हिरडा. दोन्हींत टॅनिन भरपूर असते, पण दोघांचा स्वभाव वेगळा. बाभळीच्या सालीने चामड्याला तांबूस रंग आणि घट्टपणा येतो. सह्याद्रीच्या रानात मिळणारा हिरडा फिकट पिवळसर छटा देतो. त्याचे पाणी आंबते, त्यातून सौम्य आम्ल तयार होते आणि उरलासुरला चुना निघायला मदत होते. टॅनिन तंतूंमध्ये शिरून त्यांना धरून बसते. मग वाळल्यावरही तंतू एकमेकांना चिकटत नाहीत आणि जंतूंना त्यांत शिरकाव मिळत नाही.

कोल्हापुरी चपलेचे चामडे ज्या पिशवी पद्धतीने कमावतात, ती खास बारकाईने पाहण्याजोगी आहे. कातडे कडेने शिवून त्याचीच पिशवी करतात, ती टांगतात आणि आत साल-हिरड्याचे पाणी भरतात. पाणी स्वतःच्या वजनाने कातड्यातून झिरपत बाहेर येते. खाली जमा झालेले पाणी पुन्हा पिशवीत ओततात. पुढे पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरचा भागही नीट मुरतो. नुसते हौदात बुडवून ठेवण्यापेक्षा टॅनिन असे लवकर आत पोचते. तरीही कच्च्या कातड्यापासून पक्क्या चामड्यापर्यंत काही आठवडे लागतात.

क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत याच्या अगदी विरुद्ध. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी 1884 मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढे ती जगभर पसरली. तिने चामडे दिवसाभरात तयार होते, सुरुवातीपासूनच मऊ असते आणि पाण्याला अधिक दाद देत नाही. बूट आणि पर्ससाठी ते सोयीचे. कोल्हापुरीच्या तळाला मात्र ते शोभत नाही, कारण ते दाबले तरी पुन्हा पूर्ववत होते. सालीत कमावलेले चामडे वजनाखाली हळूहळू बसते आणि पायाचा आकार धरते. तयार मऊपणापेक्षा हा गुण मोलाचा आहे.

म्हणूनच चपलेच्या एकाच जोडात कारागीर दोन उलट कामे करतो. तळासाठी म्हशीचे जाड चामडे पाण्यात भिजवून हातोड्याने ठोकतात. त्याने ते दाटते, टणक होते. पट्ट्याला आणि वेणीला पातळ चामडे, बहुतेकदा शेळीचे, घेतात. रापीने त्याच्या बारीक पट्ट्या कापून वेणी विणतात. जोड शिवायलाही चामड्याचीच वादी वापरतात, खिळा लागत नाही. कोल्हापूरच्या सुभाषनगरात आणि कागल तालुक्यातल्या कापशीसारख्या गावांत हे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या 4 आणि कर्नाटकातल्या 4 जिल्ह्यांना मिळून. हे कसब राज्याच्या सीमेवर थांबत नाही, हे त्यातून रीतसर मान्य झाले.

मऊपणाचा शेवटचा भाग घालणाऱ्याच्या हाती असतो. नवी चप्पल चावते, विशेषतः अंगठ्यापाशी आणि पट्ट्याच्या कडेला. तिला तेल पाजतात. तेल तंतूंच्या मध्ये जाऊन वंगणाचे काम करते, वाकताना तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. थोडे थोडे तेल लावून रात्रभर मुरू द्यावे. एकदम भरपूर ओतले तर चामडे ढिले पडते आणि धूळ धरते. सुरुवातीला रोज थोडा वेळ घालून चालावे. पावसात ही चप्पल टाळलेली बरी, कारण पाण्याने टॅनिन आणि तेल दोन्ही धुऊन जातात. भिजलीच तर सावलीत वाळवावी. उन्हात ठेवल्यास तंतू पुन्हा आखडतात आणि चप्पल कडक होते. पुरती सुकल्यावर पुन्हा हलका तेलाचा हात द्यावा.