ऊन अडवायचं, वारा येऊ द्यायचा

डहाणूहून बोर्डीकडे निघालं की वाटेत नरपड लागतं. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला सुरूची झाडं. इथल्या पश्चिमेच्या खिडकीला रोज दुपारी एकच पेच पडतो: हवाहवासा वारा आणि नकोसं ऊन, दोन्ही एकाच बाजूने येतात.

याला कारण आहे. दुपारपर्यंत जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत सरकते. नेमका त्याच वेळी सूर्य पश्चिमेला कलतो. डोक्यावरच्या उन्हाला छज्जा पुरतो. तिरप्या उन्हापुढे त्याचं काही चालत नाही.

जाड कापडी पडदा ओढला तर वाराही जातो. काच बंद करून आतून पडदा लावला तर आणखी पंचाईत. ऊन काचेतून आरपार येतं, पडदा तापतो, पण तापलेल्या पडद्याची उष्णता काचेतून तशी आरपार बाहेर जात नाही. ती खोलीतच साठते! म्हणून बांबूच्या कामट्यांचा साधा चिकाचा पडदा मला थोर वाटतो. तो बाहेरच्या बाजूने सोडायचा. ऊन उंबऱ्याबाहेरच थोपतं, फटींतून वारा येत राहतो. शिवाय दिवसा आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून मात्र घर दिसत नाही. भर उन्हात बाहेर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, आत जेमतेम काहीशे. उजळलेल्या कामट्यांमागचा मंद उजेड डोळ्याला टिपताच येत नाही. रात्री दिवा लागला की हे गणित उलटतं, तेव्हा आतून सुती पडदा हवाच.

नागपूरकर विचारतील, वाळ्याचे पडदे का नाहीत? १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून विदर्भाच्या कोरड्या वाऱ्यात ओला वाळा खोली गार करतो. नरपडचा वारा मुळातच दमट. तो आणखी पाणी फारसं उचलत नाही.

आता उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड घ्या. डहाणू साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तेवढाच दक्षिणेला. क्षितिजावर त्याची ये-जा तब्बल ५० अंशांची! हिवाळ्यात पट्ट्या वायव्येकडे उघडा, मे महिन्यात नैर्ऋत्येकडे. ऊन पट्टीवर अडतं, फट वाऱ्याला मोकळी राहते. आडव्या पट्ट्यांना हे साधत नाही. समोरून येणाऱ्या मावळतीच्या उन्हासाठी त्या जवळजवळ मिटाव्याच लागतात.

आणि किनारा सोडून आत वारली पाड्यांत गेलं, तर जुन्या कुडाच्या घरांना खिडकी जवळजवळ नसतेच. कारवीच्या काठ्या बांधून त्यावर माती आणि शेण लिंपायचं. जिथे लिंपण नाही तिथे काठ्यांच्या फटींतून हवा आणि उजेडाच्या बारीक रेघा येतात. चिकाच्या पडद्याचंच तत्त्व, पण इथे अख्खी भिंतच ते काम करते.