उंबऱ्यातच थबकलेलं वाय-फाय

जानेवारी २००५ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चार वॉटच्या मर्यादेत परवान्यातून मोकळा केला आणि बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. त्याला वीस वर्षं उलटून गेली. तेव्हा २५६ केबीपीएसचं कनेक्शन ही चैन होती. आज नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरसारख्या गावातही भिंतीवर फायबरची पेटी दिसते आणि १०० एमबीपीएसची भाषा सहज बोलली जाते. तरीही माडीवर, मागच्या खोलीत आणि चुलीजवळ वाय-फाय पोचत नाही. वेग वाढला, पल्ला मात्र आखडला. त्याचा दोष लहरींचा फारसा नाही. घरात पेटी कुठे बसवायची, हे ठरवण्याचा हक्क घरच्यांच्या हातून गेला, तिथेच हे बिघडलं.

पहिली काही वर्षं झरझर ओलांडायला हरकत नाही. घरात एकच संगणक, तोही मॉडेमला वायरने बांधलेला. पल्ल्याचा प्रश्नच नव्हता. खरा काळ २००९ नंतरचा. त्या वर्षी ८०२.११एन हे मानक ठरलं, स्वस्त राउटर आले, मागोमाग स्मार्टफोन आले. त्या दशकाची एक गोष्ट आज कुणाच्या लक्षातही नाही. टेलिफोनची तांब्याची तार घराच्या आत, जिथे माणसं बसत तिथवर आलेली असे. मॉडेम त्या तारेला आणि राउटर बऱ्याचदा वेगळा. चार मीटर वायर घेतली की राउटर माजघरात, कपाटाच्या वर, घराच्या मधोमध ठेवता येई. बाहेरून येणारा वेग कमी होता, पण घराच्या चारही कोपऱ्यांना तो सारखा वाटून मिळे. ती सोय गेली याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण ती जाण्याला कुठलंही तांत्रिक कारण नव्हतं.

फायबर आलं तेव्हा मॉडेम आणि राउटर एकाच पेटीत आले. जोडणी करणारा पोरगा खांबावरून तार ओढतो, पहिल्या खिडकीतून आत घेतो आणि तिथेच, दारावर किंवा मीटरच्या शेजारी, खिळे ठोकून मोकळा होतो. त्याला दिवसात बऱ्याच जोडण्या उरकायच्या असतात, म्हणून त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याला ही रीत शिकवणाऱ्यांवर जरूर धरावा. परिणाम उघड आहे. निम्म्या लहरी रस्त्यावर जातात. उरलेल्यांना अख्खं घर लांबीच्या दिशेने ओलांडावं लागतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतही शक्ती एक चतुर्थांश उरते. भिंतींचा हिशेब त्याहून वेगळा. विंचूरच्या जुन्या गावठाणात दगड, माती आणि विटांच्या जाड भिंती आहेत, पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि पाणी या लहरी शोषून घेतं. नव्या बंगल्यात स्लॅबमधल्या सळया माडीची वाट अडवतात. पत्रा, लोखंडी कपाट, आरसा यांमागे तर सावलीच पडते.

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: जास्त अँटेनांचा, जास्त ताकदीचा राउटर घ्या. पण वाय-फाय हे दोन्हीकडचं बोलणं आहे. एकाने माइकवर बोलावं आणि दुसऱ्याने कुजबुजावं, तर संभाषण होत नाही. फोनची छोटी अँटेना आणि तुटपुंजी ताकद राउटर बदलून वाढत नाही. दुसरा आक्षेप असा की ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, मग तेच वापरावं. सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये तो पट्टा आणखी मोकळा केला, हे चांगलंच झालं. मात्र तेवढ्याच अंतरावर, तशाच अँटेनेने, २.४च्या तुलनेत तिथे साधारण पाचवा हिस्सा शक्ती हाती लागते आणि भिंतीतही ती जास्त झिजते. त्यात ८० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल ठेवला, तर तीच शक्ती चौपट जागेत पसरते. जवळच्या टीव्हीला हे ठीक आहे. मागच्या खोलीसाठी २.४च हवा, चॅनल २० मेगाहर्ट्झचा, आणि १, ६, ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी जिथे कमी असेल तो. ‘ऑटो’वर सोडून देण्याची सवय मला पटत नाही; अनेक पेट्या एकदा निवडलेला चॅनल लवकर सोडत नाहीत.

एक्स्टेंडरने काम होतं, पण अर्धंच. तो बहुधा त्याच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत लावतात, जिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. त्याची जागा अर्ध्या वाटेवर. त्याहून भक्कम उपाय जुनाच आहे: पेटीपासून माजघरापर्यंत लॅन केबल टाकायची आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. एवढं लांब घर गावात नाही. फायबर नाजूक, आत वळवता येत नाही, असं सांगितलं जातं. तीव्र कोपऱ्यात ते दुमडू नये हे खरं, पण घरातल्या वळणांसाठी, वाकवलं तरी सिग्नल फारसा न गमावणारं फायबर मिळतं. छिद्र पाडण्याआधी दहा मीटर तार जास्त मागितली, तर पेटी सुरुवातीलाच योग्य जागी बसते.

मळ्यातल्या वस्तीचा प्रश्न वेगळा आहे, आणि विंचूरला तो सर्वात निकडीचा आहे. शेतमालाच्या लिलावाचे भाव फोनवर पाहायचे असतात, ते कांदाचाळीशी किंवा द्राक्षबागेत उभं राहून. घरातला राउटर खिडकीत ठेवून ते साधत नाही. मध्ये पत्रे, मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल येतात. घराच्या छतावर एक आणि मळ्यात खांबावर एक, अशी एकमेकांकडे तोंड केलेली, एकाच दिशेने लहरी सोडणारी दोन उपकरणं लावली की काम भागतं, पण त्यांची नजर वेलींच्या माथ्यावरून जायला हवी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग उघडी असते, तेव्हा जोडणी तपासली तर ती उत्तम दिसते. डिसेंबरात पानं भरतात, त्यांतलं पाणी लहरी गिळतं आणि मग उपकरण बिघडलं म्हणून बोलावणं जातं. तपासणी भरल्या बागेत करावी, आणि खांब तेव्हाच्या पानांच्या उंचीहून वर घ्यावा.