टोपलीतलं पिल्लू

बारा वर्षांपूर्वी आमच्या मळ्यात काळू नावाचा कुत्रा होता. केळीच्या बागेची राखण करायला म्हणून आणलेला. जेमतेम डोळे उघडलेले असताना त्याला आईपासून तोडून आणला आणि झोपडीच्या खांबाला बांधला. सकाळी सालदार भाकर टाकायचा, संध्याकाळी मी. आम्हा दोघांखेरीज त्याने माणूस म्हणून कोणी पाहिलाच नाही. तो कोणालाही जवळ येऊ देत नाही, याचा मला अभिमान वाटायचा. राखणदार असावा तर असा, असं मी चारचौघांत सांगायचो.

तो वर्षाचा असताना शेजारच्या शेतकऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा पतंगामागे धावत आमच्या बांधावर आला. काळूची साखळी तुटली आणि त्याने पोराच्या पोटरीचा लचका तोडला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, हे त्या दिवशी नशिबाने एकाला ठाऊक होतं. नंतर रेबीजच्या लसीचे सगळे डोस झाले, पोरगा बरा झाला. त्याच्या बापाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

काळू रागीट होता असं पुष्कळ दिवस मी समजत होतो. तो भेदरलेला होता, हे फार उशिरा कळलं. आणि कळलं तेही एका ठेलारी मेंढपाळाकडून. पावसाळा सरला की धुळ्याकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन खानदेशभर फिरतात. आमच्या नशिराबादच्या शिवारातही शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवतात. त्यांच्या वाड्यावर मी एकदा पाहिलं, की कोकरांच्या घोळक्यात कुत्र्याचं एक पिल्लू झोपलंय. मी विचारलं तर म्हातारबाबा म्हणाले, "भाऊ, पिल्लूले आताच मेंढीचा वास लागला पाहिजे. मोठं झाल्यावर नाही लागत."

हीच गोष्ट चार्ल्स डार्विनने १८३३ साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात पाहिली होती. तिथले मेंढपाळ अगदी लहान पिल्लू आईपासून वेगळं करत, दिवसातून तीन-चार वेळा त्याला मेंढीच्या आचळाला लावत, मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण करून देत. दुसऱ्या कुत्र्यांशी आणि घरच्या मुलांशी त्याची गाठ पडू देत नसत. मोठेपणी तो कुत्रा कळप सोडून जात नसे. मेंढ्या हेच त्याचं घराणं.

म्हणजे लहानपणी काही दिवस असे असतात, की त्या दिवसांत जे भेटेल ते आपलं, आणि जे भेटणार नाही ते परकं. हे दिवस नेमके कोणते, हे अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या संशोधकांनी शोधलं. फ्रीडमन, किंग आणि एलियट या तिघांचा प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्लं आईबरोबर वाढवली. माणसाचं दर्शन नाही. मग काहींना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणलं. काही पिल्लांना चौदा आठवडे होईपर्यंत आणलंच नाही. ही शेवटची पिल्लं पुढे किती लाड केले तरी माणसाला बुजतच राहिली, रानातल्या जनावरासारखी. आमचा काळूच तो!

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ही खिडकी उघडी असते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत डोळे-कान उघडतात, पिल्लू धडपडत चालू लागतं. सुरुवातीला कुतूहल जास्त, भीती कमी. आठव्या आठवड्याच्या आसपास भीती वाढू लागते. पण म्हणून पिल्लू लवकर उचलून आणायचं नाही. भावंडांशी खेळताना ते चावतं, समोरचं केकाटतं, खेळ थांबतो; दात किती लावायचा हे तिथेच शिकतं. आपल्याकडे २०१७ साली झालेल्या श्वानपैदाशीच्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. गावात मात्र डोळे उघडले की पिल्लू पिशवीत घातलं जातं. मीही घातलं होतं.

गेल्या वर्षी पुन्हा राखणीला कुत्रा हवा झाला, तेव्हा मी आठ आठवडे थांबलो. त्या काळात रोज त्याच्या आईजवळ जाऊन बसायचो. पिल्लाचं नाव शेरू. हे नाव गझलेतल्या शेरावरून ठेवलंय असं मी सांगतो, पण कोणी मानत नाही.

आता माझी एक अडचण सांगतो. आमच्या धर्मात शेताच्या, गुरांच्या राखणीसाठी कुत्रा पाळायला मोकळीक आहे. तहानलेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्याने विहिरीचं पाणी पाजणाऱ्या माणसाला खुदाने माफ केलं, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण घरात कुत्रा घेत नाहीत. त्याची लाळ लागली तर नमाजाआधी धुणं आलंच. त्यामुळे शेरूचा मुक्काम गोठ्यात, थाळी वेगळी. सोफ्यावर वाढणाऱ्या पिल्लाला मिक्सरचा आवाज, पाहुणे, पोरांचा दंगा आपोआप मिळतो. गोठ्यातल्या पिल्लाला ते कोणी आणून द्यायचं?

त्यात दुसरा पेच लसीचा. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवडे होईपर्यंत, डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांविरुद्धच्या लसी द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. सगळ्या लसी होईपर्यंत बाहेर काढू नका, असं पूर्वी सर्रास सांगत. पण तोवर खिडकी बंद होते. अमेरिकेतल्या पशुवर्तन वैद्यांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट सांगितलं, की पहिल्या लसीनंतर आठवड्याभराने पिल्लाला जग दाखवायला सुरुवात करावी. मात्र मोकाट कुत्री फिरतात, घाण करतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही.

म्हणून मी टोपली घेतली. केळीच्या फडातली जुनी टोपली, आत गोणपाट, सायकलच्या मागे घट्ट बांधलेली. वय झालेला कवी टोपलीत कुत्रं घेऊन फिरतोय, हे पाहायला गाव होतंच. पहिल्या दिवशी हायवेपासून बराच लांब थांबलो. ट्रक दिसायचे, आवाज मंद यायचा. ट्रक गेला की उकडलेल्या अंड्याचा कण त्याच्या तोंडात. चौथ्या-पाचव्या दिवशी थोडं पुढे. एकदा घाई केली, थेट चहाच्या टपरीपर्यंत नेलं. कंटेनरने हॉर्न दिला आणि शेरूने शेपूट पोटाखाली घेतली, अंडं तोंडात घेईना. खाणं नाकारलं की समजायचं, आपण फार जवळ आलो. पुन्हा लांब गेलो, पुन्हा पहिल्यापासून. जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही त्याआधीची लक्षणं. 'सवय होऊ दे' म्हणून घाबरलेलं पिल्लू तिथेच धरून ठेवलं तर त्याला सवय लागते ती भीतीची.

माणसं दाखवायची तीही नाना तऱ्हेची. टोपीवाले, बुरखेवाल्या, छत्री धरलेले, काठी टेकणारे, हेल्मेटवाले, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया. कुत्र्याला एक माणूस कळला म्हणजे सगळे कळले असं नसतं; त्याला टोपीवाला वेगळा आणि हेल्मेटवाला वेगळा. आणि माणसाने पिल्लाकडे जायचं नाही, पिल्लाने माणसाकडे यायचं. पोरांना हे समजावणं सगळ्यात कठीण. मी त्यांना जमिनीवर बसवायचो, हात मांडीवर, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. शेरू हुंगून परत गेला तर जाऊ द्यायचा.

फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून त्याच्या जेवणाच्या वेळी ऐकवला, रोज किंचित वाढवत. दिवाळीत तो झोपडीत जाऊन बसला, पण थरथरला नाही. राखणीचं म्हणाल तर रात्री अनोळखी माणूस बांधावर आला की तो आजही भुंकतो. माणसाळलेला कुत्रा राखण करत नाही, ही माझी समजूत खोटी निघाली.

परवा तो मुलगा मळ्यात आला होता. आता एकवीस वर्षांचा आहे, मोटारसायकल घेऊन, हेल्मेट घालून. शेरू दोनदा भुंकला, मी हाक मारल्यावर थांबला, हळूच जाऊन त्याची पँट हुंगली, त्याच पोटरीजवळ, आणि शेपूट हलवत तिथेच बसला. पोरगा हसला. हात मात्र त्याने खिशातून बाहेर काढला नाही, आणि मीही काढ म्हणालो नाही.