सायकलस्वाराच्या दृष्टीने रस्त्याची प्रत

मुलाला सायकलीवरून शाळेत जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत नकाशा न पाहताच सोडविला जातो. कोणत्या चौकात मालमोटारी वळतात, कोणत्या गल्लीत रात्री दिवे नसतात, पावसाळ्यात कोठला खड्डा पाण्याखाली दडतो, हे आईवडिलांना ठाऊक असते. हे घरगुती ज्ञान नकाशावर उतरविण्याचे प्रयत्न आता लोकांनीच तयार केलेल्या नकाशांवर चालू आहेत.

‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा असाच एक नकाशा. २००४ साली इंग्लंडमध्ये त्याचा आरंभ झाला. आपल्या परिसरातील वाट, पूल, पाणवठा कोणीही त्यात नोंदवावा आणि कोणीही तो विनामूल्य वापरावा, अशी त्याची रीत आहे. सायकलस्वारांनी त्यात रस्त्यांना गुण देण्याचीही पद्धत काढली. उणे ३ म्हणजे सर्वथा टाळावा असा रस्ता; अधिक ३ म्हणजे वाकडी वाट करूनही जावे असा.

पद्धत सुटसुटीत खरी. परंतु तिच्यावर घेतला गेलेला आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. गुण देणारा कोण? विशीतला धट्टाकट्टा तरुण ज्या रस्त्यावर खूष असेल, तेथे साठीच्या गृहस्थांचा जीव मुठीत येईल. दुसऱ्याने जागेवर जाऊन पडताळून पाहता येईल तेवढेच नोंदवावे, हा या नकाशाचा दंडक आहे. मार्गिका किती, वेगमर्यादा काय, रस्ता डांबरी की मुरमाचा, दिवे आहेत काय, सायकलींसाठी वेगळा पट्टा आहे काय, या गोष्टी पडताळता येतात. त्यांवरून ज्याने त्याने आपल्या कुवतीप्रमाणे हिशेब करावा.

असा हिशेब अमेरिकेत मेकुरिया, फर्थ व निक्सन या अभ्यासकांनी २०१२ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरासाठी मांडला. रहदारीमुळे मनावर येणाऱ्या ताणाच्या त्यांनी चार श्रेणी केल्या. पहिली मुलांनाही सोसणारी, दुसरी बहुतेक प्रौढांना सोसणारी, तिसरी सरावलेल्यांची, चौथी केवळ धाडसी लोकांची. मोटारींच्याच ओघातून सायकल न्यावी लागत असेल आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, वा अधिक असेल, तर तो रस्ता थेट चौथ्या श्रेणीत जातो.

त्यांचा एक नियम फार मोलाचा आहे. मार्गाची श्रेणी त्यातील सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरते. सरासरी काढावयाची नाही. तीन किलोमीटर शांत गल्ल्या आणि मध्ये एक भरधाव हमरस्ता असला, तर आई मुलाला पाठवीत नाही. सॅन होजेत सहा मैलांपर्यंतच्या कामाच्या फेऱ्यांपैकी अवघ्या ४.७ टक्के दुसऱ्या श्रेणीच्या आत पार पडण्याजोग्या होत्या. मोजक्या ठिकाणी सुरक्षित जोड दिल्यास हे प्रमाण १२.७ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

या श्रेणी रहदारीपुरत्याच आहेत. खड्डे, अंधार यांना त्यांत स्थान नाही. आपल्याकडे तर वेगाच्या पाटीवरील आकडा आणि प्रत्यक्ष वेग यांचाही मेळ बसेलच असे नाही. म्हणून पृष्ठभाग व दिवे यांच्या नोंदी आपल्या शहरांत अधिक उपयोगी. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे मोबाइलवरील साधन याच स्वरूपाचे साधे प्रश्न विचारते आणि दिलेली उत्तरे नकाशात दाखल करते. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन हे काम सहज करता येईल. मात्र उत्तरे कडेला उभे राहून द्यावीत, सायकल चालविताना नव्हे.