हिरव्या मूर्तीचा पाषाण कोणता?

पातूरची लेणी काळ्या पाषाणात कोरलेली आहेत; तो ओळखण्यास पारखी लागत नाही. देवघरातील हिरव्या मूर्तीची गोष्ट निराळी. जेड म्हणून घेतलेली मूर्ती पुष्कळदा सर्पेंटाइनची अथवा हिरव्या गारगोटीची निघते आणि पैसा व्यर्थ जातो. येथे रंग फसवितो. वजन सहसा फसवीत नाही.

भरीव मूर्ती प्रथम हवेत तोलावी, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलावी. समजा, ६० तोळ्यांची मूर्ती पाण्यात २० तोळ्यांनी हलकी भरली. ६० ला २० ने भागता ३ येतात; नेफ्राइट जेडची घनता सुमारे एवढीच असते. जेडाइट या दुसऱ्या जेडची सुमारे ३.३ असते. हा भेद दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६३ साली दाखविला. घट २३ तोळे आली, तर घनता २.६, म्हणजे सर्पेंटाइन वा गारगोटी असण्याचा संभव. मग बैठकीच्या तळाशी पोलादी सुरीचे टोक हलकेच ओढावे. सर्पेंटाइनवर बहुधा ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही.

मात्र पूजेतल्या मूर्तीवर सुरी चालवू नये. पारख करावयाची ती विकत घेण्यापूर्वी. एकदा प्रतिष्ठा झाली, की पाषाण कोणताही असो, देव तोच.